न दिसणाऱ्या अवजारांची शिरगणती

सरकारी कचेरीतली किंवा जुन्या शाळेतली खुर्ची उलटी करून पाहिली, तर तिच्या बुडाशी पांढऱ्या रंगाने घातलेला एक आकडा दिसतो. हा आकडा डेडस्टॉक रजिस्टरातला. खुर्ची केव्हा घेतली, कितीला घेतली, कोणत्या खोलीत आहे, मोडली असल्यास निर्लेखित केव्हा केली, हे सारे त्या आकड्यापुढे लिहिलेले असते. वर्षाअखेर एक कारकून रजिस्टर काखोटीला मारून खोल्याखोल्यांतून हिंडतो, खुर्च्या उलट्या करतो आणि खुणा करतो. काम कंटाळवाणे खरे. पण ज्या संस्थेत ते बंद पडले, तिथल्या खुर्च्यांना काही वर्षांत पाय फुटतात, हे ज्यांनी संस्थांचा कारभार पाहिला आहे त्यांना सांगायला नको.

आज ज्या मालाबद्दल बोलायचे आहे, त्याला असे बूड नाही. आपल्या शहरातल्या कोणत्याही मध्यम आकाराच्या कार्यालयात जा. पगारपत्रक एका ॲपवर तयार होते, रजेचा अर्ज दुसऱ्यावर जातो, बैठक तिसऱ्यावर भरते, गिऱ्हाइकांची यादी चौथ्यावर असते. यांतले काहीच त्या कार्यालयाच्या संगणकात नसते. संगणकात असतो तो फक्त ब्राउझर, म्हणजे एक खिडकी. खिडकीतून दिसणारे दुकान दुसऱ्या कोणाच्या तरी जागेत, दुसऱ्या गावात, पुष्कळदा दुसऱ्या देशात मांडलेले असते आणि कार्यालय त्याची दरमहा, दरडोई वर्गणी भरते. या व्यवस्थेला क्लाउड म्हणतात. नाव मोठे काव्यमय आहे. प्रत्यक्षात ती लोखंडी मांडण्यांवर रचलेली यंत्रे असतात. त्यांना वीज लागते, थंडावा लागतो आणि रात्रपाळीला माणसे लागतात. ढगासारखे त्यात काही असेल तर एवढेच, की खालून पाहणाऱ्याला त्याची मोजदाद करता येत नाही.

ही मोजदाद यंत्राकडूनच, आपोआप, करून घेण्याची एक विद्या गेल्या दहा-बारा वर्षांत बरीच वाढली आहे. कार्यालयात कोणकोणती क्लाउड ॲप्स वापरली जातात ते शोधायचे आणि त्यांची सूची ठेवायची, असे तिचे स्वरूप. कामगार संघटनेच्या माणसाने या विषयाला हात घालावा याचे काहींना नवल वाटेल. पण अवजार कोणाचे, त्याची नोंद कोण ठेवतो आणि त्या नोंदीत काम करणाऱ्याचे नाव कशासाठी येते, हे प्रश्न आमच्या चळवळीला नवे नाहीत. गिरणीच्या खात्यात होते तेच आता काचेच्या इमारतीत आले आहेत. आमचे शाळेतले शिक्षण बेताचेच; हा विषय आम्ही वाचून, विचारून आणि आय.टी. विभागातल्या सभासदांच्या शेजारी बसून समजून घेतला. जसा समजला तसा सांगतो.

आधी जुनी पद्धत पाहू. सॉफ्टवेअर तबकडीवर येत असे तोवर मोजणी सोपी होती. ते संगणकावर बसवले की त्याच्या फायली डिस्कवर राहत. आय.टी. विभाग प्रत्येक संगणकावर एक छोटा प्रोग्राम ठेवी, त्याला त्या धंद्यात एजंट म्हणतात. तो डिस्क चाळून यादी पाठवी. ही यादी आणि खरेदी केलेले परवाने एकमेकांशी ताडून पाहिले की काम झाले. या कामासाठी आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने 2006 मध्ये 19770 या क्रमांकाच्या मानकाचा पहिला भाग काढला आणि 2017 च्या आवृत्तीत त्याची कक्षा सॉफ्टवेअरपुरती न ठेवता सगळ्या आय.टी. मालमत्तेपर्यंत वाढवली. अमेरिकेतील सेंटर फॉर इंटरनेट सिक्युरिटी ही संस्था संगणक सुरक्षित ठेवण्याच्या उपायांची एक क्रमवार यादी प्रसिद्ध करते. मे 2021 च्या आठव्या आवृत्तीत असे 18 उपाय आहेत, आणि त्यांतला पहिला आहे यंत्रांची यादी, दुसरा सॉफ्टवेअरची यादी. कुलपे, पहारे, परीक्षा हे सारे त्यानंतर. आपल्याजवळ काय आहे हेच ठाऊक नसेल तर राखण कशाची करणार, असा तो साधा हिशेब आहे.

मग ही घडी विस्कटली कशी? अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने सप्टेंबर 2011 मध्ये क्लाउडची व्याख्या प्रसिद्ध केली. तिच्यात पाच लक्षणे सांगितली आहेत. त्यांतले पहिलेच असे, की गिऱ्हाईक स्वतःच्या हाताने, पलीकडच्या कंपनीतल्या कोणाही माणसाशी न बोलता, हवे तेव्हा हवे तेवढे घेऊ शकते. हे वाक्य आम्ही वाचले तेव्हा आम्हांला कारखान्याचे स्टोअर आठवले. तिथे नवे अवजार हवे असले, तर मुकादम मागणीची चिठ्ठी लिही, साहेबाची सही होई, खरेदी खाते भाव मागवी, माल गेटवर तपासून स्टोअरमध्ये जमा होई आणि मग कामगाराच्या हाती पडे. पाच ठिकाणी नोंद. क्लाउडच्या त्या एका लक्षणाने ही पाचही ठिकाणे मागे टाकली. आता टेबलाशी बसलेली मुलगी ईमेलचा पत्ता आणि पासवर्ड भरते, आणि अर्ध्या मिनिटात अवजार तिच्या हातात असते. पुष्कळदा फुकट असते. स्टोअरकीपरला त्याचा पत्ताच नसतो.

इंग्रजीत याला शॅडो आय.टी. म्हणतात, सावलीतला कारभार. नावालाच संशयाचा वास आहे आणि तो आम्हांला पसंत नाही. फाइल ईमेलने जात नाही म्हणून कोणी ती दुसऱ्या ॲपवर चढवतो, साहेबांना पाच वाजेपर्यंत तक्ता हवा असतो म्हणून कोणी फुकटचे ॲप धरतो. हे लोक चोरटे नसतात; बहुधा ते खात्यातले कामसू लोक असतात.

आता शोध कसा लागतो ते पाहू. तत्त्व एकच. माल दिसत नसला तरी मालाकडे जाणाऱ्या माणसाचे पाऊल उमटते. मात्र ही पावले वेगवेगळ्या जमिनींवर उमटतात आणि प्रत्येक जमिनीचा गुण निराळा असतो.

पहिली जमीन म्हणजे कार्यालयाची वेस. कार्यालयातून इंटरनेटवर जाणारी वाट एका चौकीतून जाते; तिला फायरवॉल किंवा प्रॉक्सी म्हणतात. चौकीच्या वहीत प्रत्येक जाण्यायेण्याची एक ओळ पडते: वेळ, कोणता संगणक, कोणत्या पत्त्यावर गेला, किती मजकूर नेला, किती आणला. आजकाल मजकूर स्वतः कुलूपबंद असतो. चौकीदाराला तो सहसा वाचता येत नाही. पण पाकिटावरचा पत्ता जसा पोस्टमनला दिसतो, तसे संकेतस्थळाचे नाव चौकीदाराला बहुधा दिसते. तेही झाकण्याची युक्ती निघाली आहे, आणि ती जसजशी पसरेल तसतशी ही वही आंधळी होत जाईल.

नुसत्या पत्त्यावरून ॲप ओळखायचे, तर मोठा कोश जवळ हवा. असे कोश विकणाऱ्या कंपन्या आहेत. मायक्रोसॉफ्टच्या डिफेंडर फॉर क्लाउड ॲप्स या साधनाबरोबर 30 हजारांहून अधिक ॲप्सचा कोश येतो. त्यात प्रत्येक ॲपमागे कंपनी कोणती, माहिती कुलूपबंद ठेवते की नाही, कोणते दाखले मिळवले आहेत, अशा 90 च्या घरात बाबी तपासून 0 ते 10 पर्यंत गुण दिलेले असतात. आपल्या चौकीची वही या कोशाशी ताडली, की काही तासांत यादी हाती येते. ज्या कार्यालयाने मनाशी तीस-चाळीस ॲप्स धरलेली असतात, तिथे यादी शेकड्यांत निघाली तर त्या धंद्यातल्या माणसाला नवल वाटत नाही.

पण येथे एक गोम आहे, आणि श्रोत्यांपैकी जे नोकरी करतात त्यांनी ती लक्षात ठेवावी अशी आमची विनंती आहे. तुम्ही एखाद्या वृत्तपत्राचे पान उघडता. त्या पानाच्या कोपऱ्यात दुसऱ्याच कंपनीची चित्रफीत, नकाशा किंवा बातमी पुढे धाडण्याचे बटण असते. पान उघडताच तुमचा ब्राउझर तुम्हांला न विचारता त्या दुसऱ्या कंपनीच्या दारातही जाऊन येतो. चौकीच्या वहीत ओळ पडते. यंत्र ती ओळ कोशाशी ताडते आणि तुमच्या नावापुढे एक ॲप लिहिते, जे तुम्ही आयुष्यात उघडलेले नाही. शहाणा तपासनीस किती मजकूर गेला आणि आला ते पाहतो, किती वेळा आणि किती दिवस ते पाहतो, आणि अशा ओळी गाळतो. घाईतला तपासनीस गाळत नाही. अमुक माणसाचा संगणक अमुक दारापर्यंत गेला, एवढेच चौकीची वही सांगू शकते. तो आत जाऊन कामाला बसला की नाही, हे तिला ठाऊक नसते.

2020 साली टाळेबंदी आली, लोक घरून काम करू लागले आणि ही वेसच ओस पडली. घरचे इंटरनेट कार्यालयाच्या चौकीतून जात नाही. तेव्हा पहारा माणसाबरोबर घरी पाठवण्याची पद्धत जोर धरू लागली. कार्यालयाच्या लॅपटॉपमध्ये एजंट असतोच. शिवाय ब्राउझरला एक पुरवणी जोडतात, तिला एक्स्टेन्शन म्हणतात. ती खिडकीच्या चौकटीतच बसलेली असल्यामुळे तिला चौकीदारापेक्षा पुष्कळ अधिक दिसते. कोणत्या ॲपवर खाते उघडले, केव्हा आत गेला, किती वेळ होता, हे तिला कळते. शोधाच्या दृष्टीने ही जमीन सर्वांत मऊ, पाऊल स्पष्ट उमटते. म्हणूनच तिच्यावर कोणी, किती आणि केव्हा पाहावे याचे नियम आधी ठरले पाहिजेत.

तिसरी जागा किल्ल्यांची. मोठ्या कार्यालयांत आता एकच लॉगिन असते आणि त्या एका किल्लीने मान्य ॲप्सची सगळी दारे उघडतात. या किल्लीदाराच्या वहीत कोण कोणत्या दारातून गेला ते स्वच्छ लिहिलेले असते. नोंद निर्मळ, पण मान्य दारांपुरतीच.

त्याहून मनोरंजक प्रकार चौथा. नव्या ॲपवर गेले की ते विचारते, 'गूगलच्या खात्याने आत येता का?' आपण होय म्हणतो. मग ते विचारते, 'तुमची पत्रे वाचू का, तुमचे पत्ते पाहू का, तुमच्या फायली हाताळू का?' आपण तेही न वाचता होय म्हणतो. ही मुखत्यारपत्रे असतात. पासवर्ड न देता दिलेला अधिकार. पासवर्ड बदलला तरी तो आपोआप रद्द होईलच असे नाही. 3 मे 2017 रोजी कोणा भामट्याने 'गूगल डॉक्स' या नावाचेच एक खोटे ॲप तयार करून अशी मुखत्यारपत्रे मागितली. लोकांनी नाव ओळखीचे पाहून होय म्हटले आणि त्या ॲपने त्यांच्या ओळखीच्या सर्वांना तेच पत्र धाडले. गूगलने तासाभरातच ते बंद पाडले. जीमेल वापरणाऱ्यांपैकी 0.1 टक्क्याहून कमी लोकांना झळ पोहोचली, असे गूगलने सांगितले. गूगलसारख्या कंपनीच्या पसाऱ्यात एवढा अल्पसा अंशदेखील काही लाखांच्या घरात जातो. कार्यालयाची खाती गूगलची किंवा मायक्रोसॉफ्टची असतील, तर कोणी कोणाला कसले मुखत्यारपत्र दिले याची यादी व्यवस्थापकाला एका पडद्यावर मिळते. आमच्या मते शोधाची सुरुवात येथूनच करावी. धोका येथे सर्वांत जास्त आणि माणसाच्या मागे हिंडणे सर्वांत कमी.

पाचवी जागा हिशेबखाते. कार्डाने भरलेल्या वर्गण्या, प्रवासखर्चाच्या बिलांत घुसडलेली ॲप्सची बिले, परदेशी चलनातल्या बारीक रकमा. हिशेबनीस येथे आय.टी. विभागाच्या आधी पोहोचतो. मात्र फुकटच्या मालाचे बिल नसते, आणि बिलावरचे नाव फसवे असू शकते. स्लॅक हे ॲप 2021 पासून सेल्सफोर्स या कंपनीचे आहे. वापरणारा एक नाव सांगेल, बिलावर दुसरे असेल, चौकीच्या वहीत तिसराच पत्ता असेल. सहावी जागा टपालाची पेटी: नवे खाते उघडले की ॲप 'आपले स्वागत असो' असे पत्र पाठवते, आणि कार्यालयाच्या सर्व पेट्यांतून अशी पत्रे हुडकणारी साधने मिळतात. विषयाची ओळ वाचतो, मजकूर वाचत नाही, असे विकणारे सांगतात. दुसऱ्याची टपालपेटी उघडून पाकिटेच फक्त पाहिली असे म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे.

आणि शेवटी ॲपचीच स्वतःची हजेरीवही. ॲपला अधिकृत वाटेने विचारले, तर खाती किती, शेवटचे लॉगिन कोणाचे केव्हा, हे ते सांगते. शंभर जणांची वर्गणी भरायची आणि पन्नास जणांनी सहा महिन्यांत दार उघडलेले नसायचे, असा प्रकार येथे उघडकीला येतो. मस्टरवर खोटी नावे घालून पगार उचलणारे जॉबर गिरणगावातल्या जुन्या लोकांनी पाहिले आहेत. येथे उलटा खेळ आहे. नावे खरी, माणसे खरी, फक्त काम नाही, आणि उचल परक्या कंपनीची.

या सात वह्यांतून आलेल्या ओळी एकत्र करून, एकाच मालाची निरनिराळी नावे जुळवून, एका मालाला एकच आकडा द्यायचा, हे सूचीकाराचे खरे कष्टाचे काम. यंत्र त्यात मदत करते, परंतु शेवटी माणसालाच बसावे लागते. चांगल्या सूचीत ॲपचे नाव, कंपनी, कामाचा प्रकार, किती जण वापरतात, वर्गणी किती, ती पुन्हा केव्हा भरायची, माहिती कोणत्या देशात साठते आणि त्या ॲपचा वाली कोण, एवढे तरी रकाने असतात. वाली म्हणजे खात्यातला असा माणूस, ज्याला त्या ॲपविषयी विचारता येईल. यंत्राने शोधलेल्या मालापुढे हा रकाना सुरुवातीला कोराच असतो.

सूची असावी की नसावी, असा वाद आम्हांला घालायचा नाही. असावीच. ड्रॉपबॉक्स या फायली ठेवण्याच्या ॲपमध्ये 2012 साली चोरी झाली. सुमारे 6 कोटी 80 लाख खात्यांचे तपशील तीत गेले होते, हे 2016 मध्ये उघडकीला आले. आपल्या माणसांपैकी कोण ते ॲप वापरतो हेच ज्या कार्यालयाला ठाऊक नव्हते, ते कोणाला पासवर्ड बदलायला सांगणार? आपल्या देशात 28 एप्रिल 2022 रोजी सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने आदेश काढून संगणकावरील हल्ल्यांची खबर 6 तासांत द्यावी आणि यंत्रणांच्या नोंदी 180 दिवस जपाव्यात असे बंधन घातले. 6 तासांत खबर द्यायची, तर यादी आधीच तयार हवी. नोकरी सोडून गेलेल्या माणसाची मान्य ॲप्सची किल्ली त्याच दिवशी काढून घेतात, परंतु त्याने स्वतःच्या पासवर्डने उघडलेली खाती तशीच राहतात; त्यातून पुढे नसते आळ त्या माणसावरही येऊ शकतात. कृत्रिम बुद्धीची ॲप्स आल्यापासून तर प्रश्न फारच तातडीचा झाला. चॅटजीपीटी 30 नोव्हेंबर 2022 रोजी लोकांपुढे आले. पुढच्या मे महिन्यात सॅमसंगने आपल्या कर्मचाऱ्यांना अशी साधने वापरण्यास बंदी केली, कारण काहींनी कंपनीचा अंतर्गत मजकूर त्यात टाकल्याचे आढळले होते. आपल्या केंद्रीय अर्थ मंत्रालयानेही जानेवारी 2025 मध्ये चॅटजीपीटी आणि डीपसीक यांसारखी साधने कार्यालयीन संगणकांवर वापरू नयेत असे आपल्या कर्मचाऱ्यांना कळवले.

इतके मान्य करून मग आमचे म्हणणे येते. खुर्चीची यादी करताना खुर्ची मोजली जाते; तिच्यावर कोण बसतो, किती वेळ बसतो आणि कितीदा उठतो, हे रजिस्टरात येत नाही. येथे मात्र माल सापडतो तोच मुळी माणसाच्या पावलांवरून. म्हणजे मालाची यादी तयार होण्याआधी माणसांची यादी तयार होते. ती बाजूला पडून असते, आणि पडून असलेली वस्तू कोणीतरी कधीतरी उचलतोच. अमक्याने दुपारी काय उघडले, तमकी नोकरीच्या जाहिराती पाहते का, संघटनेच्या कामाचा गट कोणत्या ॲपवर आहे, हे सगळे त्याच ओळींत असते. यादीचा हेतू शुद्ध असला तरी ओळी त्याच.

रुमानियात एका कर्मचाऱ्याने मालकाच्याच सांगण्यावरून गिऱ्हाइकांना उत्तरे देण्यासाठी याहू मेसेंजरवर खाते उघडले होते. 2007 च्या जुलैत मालकाने त्याचे संभाषण काही दिवस टिपून घेतले, त्यात घरगुती बोलणी सापडली, आणि त्याला कामावरून काढले. खटला युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या मोठ्या पीठापर्यंत गेला. 5 सप्टेंबर 2017 रोजी 11 विरुद्ध 6 मतांनी निकाल झाला, की त्याच्या खासगी जीवनाच्या हक्काचे रक्षण त्याच्या देशातील न्यायालयांनी नीट केले नाही. खासगी वापराला बंदी आहे हे त्याला ठाऊक होते. तरीही, देखरेख होणार याची पूर्वसूचना मिळाली होती का, किती खोल पाहिले, कमी खोल पाहून भागले असते का, हे प्रश्न तपासलेच पाहिजेत, असे न्यायालयाने म्हटले. मालकाला पाहण्याचा अधिकारच नाही असे ते म्हणाले नाही, हेही सांगितले पाहिजे. जर्मनीत याहून सोयीची वाट आहे. तिथल्या 1972 च्या कायद्याच्या 87 व्या कलमाप्रमाणे, कामगारांचे वर्तन किंवा कामगिरी यांवर देखरेख करणारे तांत्रिक साधन आणायचे, तर निवडून आलेल्या कामगार मंडळाबरोबर ठरवून आणावे लागते. जमले नाही तर प्रश्न लवादाकडे जातो. मालकाचा तसा हेतू असण्याचीही गरज नाही; साधन देखरेखीला उपयोगी पडण्याजोगे असले म्हणजे पुरे, असा अर्थ तिथल्या न्यायालयांनी लावला आहे.

आपल्याकडे असे थेट कलम नाही. 2023 च्या वैयक्तिक डिजिटल माहितीच्या कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले आणि तो टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरले; पण नोकरीच्या कारणासाठी आणि मालकाचे नुकसान टाळण्यासाठी संमतीवाचून माहिती वापरण्याची मुभा त्याच कायद्याच्या 7 व्या कलमात आहे. कामगाराच्या हाती उरते ती जुनी 'बदलाची सूचना'. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात ती 9-अ कलमात होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता, 2020 आली आणि तिच्या 40 व्या कलमात ही सूचना कायम आहे. कोणकोणत्या बाबतींत सूचना द्यावी, त्या परिशिष्टात 'शिस्तीचे नवे नियम' ही बाब आहे. ॲप्सची यादी नुसती यादी असेल तर तिचा या बाबीशी संबंध नाही. तिच्यावरून मेमो निघू लागले, की तो शिस्तीचा नवा नियम झाला, असे आम्ही मानतो आणि तसे वाटाघाटीत मांडतो.

मेमो निघतातही. एका खासगी कार्यालयात बिले तयार करणाऱ्या आमच्या एका सभासद भगिनीला कारणे दाखवा नोटीस मिळाली. महिन्याभरात तीसेक वेळा तिने फाइलचा प्रकार बदलून देणारे एक परके, मान्यता नसलेले ॲप वापरल्याचे यंत्राने टिपले होते. आम्ही आय.टी. विभागाकडे त्या ॲपचा खातेनिहाय आकडा मागितला, नावे मागितली नाहीत. तिच्या खात्यातले जवळजवळ सगळेच ते वापरत होते. हिच्या वाट्याला बिले जास्त, म्हणून हिचे नाव वर आले. कारण विचारले तेव्हा कळले, की हिशेबाचे अधिकृत ॲप अहवाल पीडीएफमध्ये देई आणि वरच्या कार्यालयाला तो एक्सेलमध्ये हवा असे. हाताने आकडे उतरवायचे तर संध्याकाळ जाई. व्यवस्थापनाची भीतीही खोटी नव्हती. गिऱ्हाइकांची नावे आणि रकमा रोज एका अनोळखी कंपनीकडे जात होत्या. अखेर हिशेबाच्या ॲपच्या कंपनीला फोन झाला. एक्सेलची सोय भरलेल्या वर्गणीतच होती, फक्त कोणी चालू केलेली नव्हती. ती चालू झाली, नोटीस मागे घेतली गेली, आणि पुढच्या महिन्याच्या यादीतून ते परके ॲप आपोआप नाहीसे झाले.

या प्रकारानंतर आम्ही कराराच्या मसुद्यात काही गोष्टी घातल्या. त्यांतली एक तर यंत्रातच तयार मिळते. मघाशी सांगितलेल्या मायक्रोसॉफ्टच्या साधनात वापरणाऱ्यांची नावे झाकून त्यांच्या जागी सांकेतिक अक्षरे ठेवण्याची सोय आहे. एखादे नाव उघडायचे झाल्यास तपासनिसाला कारण लिहावे लागते आणि उघडल्याची नोंद राहते. ती सोय कायम चालू असावी, आणि नाव उघडताना संघटनेचा एक माणूस हजर असावा, अशी आमची मागणी. टपालपेट्या चाळणारे साधन आणू नये, ही दुसरी. ब्राउझरची पुरवणी कार्यालयाच्या यंत्रापुरती असावी, घरच्या फोनवर लादू नये. आणि सूचीत 'कशासाठी वापरतात' असा एक रकाना असावा. तो वापरणाऱ्यांना विचारून भरल्यावाचून कोणतेही ॲप बंद करू नये, उघड धोका असेल तेवढे वगळून.

नावे झाकण्याचे व्यवस्थापनाने मान्य केले आहे. संघटनेचा माणूस हजर असण्याला अजून हरकत आहे. टपालपेट्यांचे साधन महाग पडते, म्हणून तो मुद्दा आपोआप सुटला. शेवटचा रकाना त्यांना आमच्याहून जास्त आवडला, कारण वर्गण्या कोठे वाचतील ते त्यात दिसते. अडले आहे ते नोंदी किती दिवस ठेवायच्या यावर. सर्ट-इनचे 180 दिवस आम्हांला मान्य आहेत. त्यानंतर नावानिशी असलेल्या ओळी पुसाव्यात आणि ॲप्सची बेरीज तेवढी ठेवावी, असे आमचे म्हणणे आहे. त्यांना दोन वर्षे हवी आहेत, आणि दोन वर्षे कशासाठी याचे लेखी उत्तर आम्ही मागितले आहे.